चोवीस सशांच्या पद्माकाकू

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गलीतून सकाळी पावणेआठला एक बाई कापडी पिशवी घेऊन मैदागिनच्या दिशेनं निघते. वाटेत कोणी "काय काकू, कसं काय" म्हटलं तर "ठीक" म्हणते आणि थांबत नाही. त्या पद्माकाकू ताम्हणकर. वय एक्कावन्न, मैदागिनहून ऑटोनं लंका चौकात जायचं आणि तिथून चालत विद्यापीठात. नोकरी विद्यापीठातली, पण काम सशांचं. औषधांच्या प्रयोगासाठी जे ससे पाळतात, त्यांना खाऊ घालायचं, पिंजरे धुवायचे आणि सांगतील ते औषध सांगतील त्या वेळी द्यायचं.

आता गलीतल्या लोकांना बोलायला तेवढंच पुरतं. ताम्हणकरांच्या वैदिक घराण्यातली सून, आणि सशांच्या लेंड्या काढते! बोलणाऱ्याचं काय जातं? काकूंचे यजमान शिवराम बावीस वर्षं त्याच जागी कामाला होते. सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेले आणि अनुकंपेवर काकूंना घेतलं. लेक देवयानी तेव्हा कॉलेजात होती. आज नाकं मुरडणाऱ्यांपैकी एकानं तरी तेव्हा घरात पावशेर दूध आणून टाकलं होतं का? नाव काढू नका.

नवरा गेल्यापासून पद्मा थिजली, असंही लोक म्हणत. हेही अर्धवटच. काकू त्याच्या कितीतरी आधीपासून तशा होत्या. सणाला पुरण घालत, हळदीकुंकवाला जात, चारजणी हसल्या की हसत, पण आत काही हलत नसे. शिवराम गेले त्या दिवशी त्यांनी स्वतःलाच चाचपून पाहिलं, कुठे दुखतंय का म्हणून. दुखत नव्हतं. त्या उठल्या आणि आलेल्या माणसांसाठी चहा टाकला.

हे बधिरपण चौदा वर्षांपूर्वीचं. देवयानी नऊ वर्षांची होती. शिवरामांना पानाचा नाद, काशीत तो कोणाला नाही! चुन्याची प्लास्टिकची नळी कोनाड्यात पडलेली असे. पोरीनं खेळताखेळता ती दाबली. तोंडाशी चुना सुकून बसला होता, नळी मागून फुटली आणि चुना उडाला तो थेट उजव्या डोळ्यात. पंधरा दिवसांत बुबुळावर पांढरा पडदा धरला. त्या डोळ्यानं देवयानीला उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. आता ती तेवीस वर्षांची आहे, एका कोचिंगमध्ये गणित शिकवते आणि वर्गात उजवी बाजू भिंतीकडे करून उभी राहते. लग्नासाठीचा फोटो डाव्या बाजूनं काढलाय. दोन ठिकाणचे लोक फोटो पाहून आले आणि चहा पिऊन गेले.

गेल्या पावसाळ्यात काकूंच्या पशुगृहात अवनी आली. अवनी अकोल्याची, अठ्ठावीस वर्षांची, पीएचडी करणारी, चुरूचुरू बोलणारी. अख्ख्या विभागात मराठी बोलणारी माणसं ही दोनच. "काकू, सब्जी नाही, भाजी म्हणा," ती चिडवायची. "तुमच्या अकोल्याची मराठी तरी कुठे सोवळी आहे गं," काकू म्हणायच्या, आणि पिंजरा धुवायला लागायच्या. कोणाला चिडवण्याइतपत बोलल्या, हेच त्यांच्या मानानं खूप होतं.

अवनीचं काम डोळ्याच्या जखमेवरचं होतं, हे काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं. "डोळा भाजला ना काकू," ती सांगायची, "की आतून हुकूम सुटतो, भरा, भरा, जखम भरा. जखम भरते. पण हुकूम काही थांबत नाही. मग काचेसारखं स्वच्छ होतं तिथे जाड पांढरा व्रण बसतो. हा हुकूम एका जनुकाकडून सुटतो. त्या जनुकाचं तोंड थोडे दिवस बंद करायचं, बस. त्यासाठी एक बारीक रेणू आहे. नुसता टाकला तर अश्रूंतच विरघळून जातो. म्हणून तो अगदी सूक्ष्म कणांत भरायचा, केसाच्या जाडीत हजारभर मावतील इतक्या, आणि थेंबाथेंबानं डोळ्यात सोडायचा."

काकू टॉवेल पिळत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि जुना व्रण असेल तर? चौदा वर्षांचा?"

"जुना आधी ऑपरेशन करून काढावा लागेल. मग तो परत धरू नये म्हणून हे थेंब. पण माणसांपर्यंत यायला वर्षं जातील काकू. आधी ससे तर पार पडू देत. का हो?"

"काही नाही. सहजच."

घरच्या डोळ्याबद्दल अवनीला त्या बोलल्या नाहीत. देवयानीला या औषधाबद्दल बोलल्या नाहीत. दोन्हीकडे तोंड मिटून त्या चोवीस ससे सांभाळत राहिल्या.

चोवीस सशांचा एकेक डोळा, गुंगी देऊन, चुन्यासारख्या दाहक क्षारात भिजवलेल्या कागदी टिकलीनं भाजला गेला. धरायला काकूच होत्या. मग प्रत्येक सशाची स्वतःची बाटली. बारांवर ‘अ’, बारांवर ‘ब’. एकात औषध भरलेले कण, दुसऱ्यात रिकामे. कुठल्यात काय, हे ना अवनीला माहीत ना काकूंना. चिठ्ठी बंद लिफाफ्यात, लिफाफा अवनीच्या मार्गदर्शकांच्या, मोठ्या सरांच्या कपाटात. दिवसातून तीनदा ससा टॉवेलात गुंडाळायचा, तोंड तेवढं बाहेर, खालची पापणी ओढायची, एक थेंब, मिनिटभर तसाच धरून ठेवायचा. ससा आवाज करत नाही. विद्यार्थी सशांना नावं देतात आणि शेवटच्या दिवशी रडतात. काकूंनी कधी नाव दिलं नाही. सात नंबर, अकरा नंबर. प्रयोग संपला की इंजेक्शन द्यायचं असतं, तेव्हाही धरायला त्याच.

पण खरं सांगायचं तर लिफाफ्याची गरज काकूंना नव्हतीच. पांढरा पडदा कसा चढतो हे त्यांनी एकदा घरात रोज सकाळी उठून पाहिलं होतं. विसाव्या दिवशी त्यांना स्पष्ट कळलं, ‘ब’च्या सशांचे डोळे देवयानीच्या वाटेनं चाललेत आणि ‘अ’चे निवळताहेत. अकरा नंबरच्या डोळ्यात त्यांना खिडकी दिसली, चारही गज मोजता येतील अशी. त्या तशाच उभ्या राहिल्या. परतताना मैदागिनला दुधाच्या फेसाची, हंगामातली शेवटची मलइयो घेतली आणि देवयानीपुढे ठेवली. "आज काय विशेष?" तिनं विचारलं. "काही नाही, दिसली म्हणून घेतली," काकू म्हणाल्या. तीस-पस्तीस पावलं तरी त्या वाटेत चक्क भरभर चालल्या होत्या.

आणि इथेच सगळं बिघडलं.

फाल्गुनी पौर्णिमेला ग्रहण आलं. चंद्र ग्रासलेलाच उगवणार, म्हणून वेध सकाळपासून. अवनी होळीला चार दिवस अकोल्याला निघाली होती. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिनं सरांनी दिलेल्या ‘अ’ आणि ‘ब’च्या साठ्यातून चोवीसही बाटल्या नव्यानं भरल्या, गाडीची वेळ झाली म्हणून धावतपळत बॅग उचलली आणि दारातून म्हणाली, "काकू, ससे तुमच्यावर टाकून चालले. तुम्ही आहात म्हणून जातेय हां!"

ग्रहणात काय करतात ते काकूंच्या हातांना पाठ होतं. जे टाकून देता येतं ते टाकायचं, पाणी ओतून नवं भरायचं. आणि जे टाकवत नाही, तूप, लोणचं, दूध, त्यात तुळशीचं पान ठेवायचं. पौर्णिमेला तुळस तोडत नाहीत, तेव्हा पानं आदल्या दिवशीच तोडून ओल्या फडक्यात ठेवली होती. देवयानी हसली, "आई, एवढी? हौदात टाकणार आहेस का?" काकूंनी घरातलं उरकलं आणि उरलेली पुडी पिशवीत टाकून कामावर आल्या.

त्यांनी विचार केला असता तर बरं झालं असतं. पण बाईनं चौदा वर्षांत पहिल्यांदाच एका गोष्टीत जीव अडकवला होता आणि ती गोष्ट त्या फ्रिजमध्ये, चोवीस बाटल्यांत होती. टाकून देता येत नाही, वाचली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. एरवी हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला न शिवणारी बाई! सकाळचे थेंब झाल्यावर त्यांनी एकेक बूच उघडलं, नखाएवढा पानाचा तुकडा प्रत्येकीत सोडला आणि बूच लावलं. दुसऱ्या दिवशी धुळवडीची छुट्टी, सशांना छुट्टी नसते. रंग चुकवत त्या आल्या, चिमट्यानं चोवीस तुकडे काढले, कागदात गुंडाळून गंगेत सोडायला पिशवीत ठेवले, आणि थेंब घालायला बसल्या.

तिसऱ्या दिवशी चार सशांच्या पापण्या चिकटल्या. चौथ्या दिवशी सतरांच्या. अवनी अकोल्याहून आली ती स्टेशनवरून थेट पशुगृहात, दशम्यांचा डबा हातात, आणि पहिला पिंजरा उघडताच तिचं अवसान गेलं. बुबुळांवर पिवळट पू धरला होता. ‘अ’ नाही, ‘ब’ नाही, सरसकट. अकरा नंबरच्या डोळ्यात आता खिडकी काय, काहीच दिसत नव्हतं.

काकूंना तोपर्यंत कळलं नव्हतं असं समजू नका. पहिली पापणी चिकटली तेव्हाच त्यांना कळलं होतं. त्यांच्या काळजात धस्स झालं, आणि मग ते धस्स होणंही विझलं. त्या नुसत्या कोमट पाण्यानं डोळे पुसत राहिल्या.

बाटल्या तपासायला गेल्या. शनिवारी अहवाल आला, बाटल्यांत जंतू आहेत. मोठ्या सरांनी अवनीला बोलावलं. दार उघडंच होतं आणि काकू बाहेर बादली घेऊन उभ्या होत्या.

"निघायच्या संध्याकाळी घाईघाईत भरल्यास ना?" सर हिंदीत विचारत होते. "गाळणी बदलली होतीस? बाटल्या निर्जंतुक केल्या होत्यास?"

"केल्या होत्या सर... मला वाटतं केल्या होत्या."

"वाटतं? सोमवारी प्राणिप्रयोगांच्या समितीला लेखी द्यायचंय. माझ्या निष्काळजीपणामुळे दूषित झालं, असं लिहून दे. निदान प्रामाणिकपणा तरी राहील. पुढे तुझी फेलोशिप ठेवायची का, ते समिती बघेल."

अवनी बाहेर आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. "काकू, मला आठवतच नाहीये हो," ती म्हणाली. "गाळणी बदलली का मी? गाडी, गाडी करत होते. माझ्याच हातून झालं असणार. दुसरं कोण? तुम्ही तर सहा वर्षांत एक थेंब चुकवला नाही. चोवीस जीव, काकू. माझ्या हातानं."

काकू तिच्याकडे बघत होत्या. पोरगी खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, न केलेली चूक आठवायचा. तोंड मिटून ठेवलं तर काय होईल हे त्यांना पक्कं माहीत होतं. काही होणार नाही. नोकरी राहील, नऊ वर्षांनी पेन्शन बसेल, आणि ही मुलगी जन्मभर स्वतःचे हात धूत राहील. ते कसं दिसतं हेही त्यांना माहीत होतं, घरात रोज दिसत होतं.

त्यांनी बादली खाली ठेवली. "अवनी, ऊठ. तू नाही केलंस. मी तुळस घातली."

"काय?"

"ग्रहण होतं. बाटल्यांत तुळशीचं पान घातलं. सगळ्या बाटल्यांत. दुसऱ्या दिवशी काढलं."

अवनी आधी हसली. माणूस कधीकधी तसं हसतो, कानावर विश्वास बसत नाही म्हणून. मग तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "तुळस," ती म्हणाली. "काकू, चार वर्षं... अहो, ‘अ’चे डोळे निवळत होते! मी बोलत नव्हते, पण बघत होते ना रोज! तुळस कशी घातलीत तुम्ही? का?"

"वाचावं म्हणून," काकू म्हणाल्या.

अवनी ताडकन उठली आणि त्यांच्याकडे न बघता सरांच्या खोलीत गेली. क्षमाबिमा काही नाही, आणि का असावी? एवढं झाल्यावर गळ्यात पडणारी माणसं गोष्टीत असतात. सर बाहेर आले, चष्मा काढून काकूंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पद्मा जी, आपसे ये उम्मीद नहीं थी." काकूंनी कागद मागून घेतला आणि तिथेच, उभ्याउभ्या, हिंदीत चार ओळी लिहून सही केली.

सोमवारी समितीपुढे लिफाफा फुटला. ‘अ’ म्हणजे औषध. एकविसाव्या दिवसापर्यंतचे फोटो सगळ्यांनी पाहिले. औषध चालत होतं, पण त्या फोटोंना आता कोणी पुरावा म्हणणार नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून, नवे ससे, नवी परवानगी, दीड-दोन वर्षं. अवनीवरचा ठपका निघाला, फेलोशिपचे आठ महिने उरले होते तेही कायम राहिले. काकूंची चौकशी लागली आणि बदली भांडारात, जिथे खोक्यांशिवाय काही सांभाळायचं नसतं.

त्याआधी एक काम उरलं होतं. डोळे सडलेले चोवीस ससे ठेवता येत नव्हते. सर म्हणाले, आज दुसऱ्या कोणाला बोलावू. काकू म्हणाल्या, मीच धरते. एकेकाला टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतलं. इंजेक्शन अवनी देत होती, आणि दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. अकरा नंबर मांडीवर सैल पडला तेव्हा काकूंना वाटलं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. त्यांनी टॉवेल बदलला आणि बारा नंबर काढला.

घरी आल्या तेव्हा देवयानी कोचिंगवरून येऊन कणीक मळत होती. "आई, तुझ्या बदलीचा फोन आला होता. ऑफिसातून कोणी बाई होती. भांडारात टाकलं म्हणे. क्या हो गया?"

काकू पाटावर बसल्या आणि सगळं सांगितलं. अवनीचं औषध, चोवीस ससे, निवळलेले डोळे, तुळस. देवयानीचा हात कणकेतच थांबला. या औषधाबद्दल ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"म्हणजे माझ्या डोळ्यासाठी तू सहा महिने..." ती म्हणाली, आणि मग व्यवहाराचं बोलली. "तू सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?"

"कोणाला नाही."

"मग कशाला सांगितलंस? नोकरी गेली असती तर? दुसऱ्याच्या मुलीसाठी?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं, मग लेकीकडे, तिच्या उजव्या डोळ्याकडे, जिकडे त्या सहसा बघत नसत.

"ती म्हणत होती, माझ्याच हातून झालं," त्या म्हणाल्या. "तूही तेच म्हणतेस ना? डोळ्यात चुना गेल्यावर तू चोळलास, म्हणून डोळा गेला. बाबा हेच सांगायचे सगळ्यांना."

"मग? चोळलाच होता मी."

"नव्हता चोळलास. मी तुझे दोन्ही हात धरून ठेवले होते. चुना गेला की पाण्याखाली धरायचं असतं, अर्धा तास, एकसारखं. मी पाणी लावलं नाही. आग शमेल म्हणून तूप घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, लगेच धुतलात का? बाबा शेजारी उभे होते, चिडलेले. मी म्हटलं, हो, खूप धुतला. गर्दी होती, डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, वरून औषध घालून पट्टी बांधली. रात्रभर पापणीखाली चुना होता देवयानी. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हिनं चोळला का? बाबा म्हणाले, चोळला असेल. मी गप्प बसले."

कणकेनं भरलेले हात देवयानीनं समोर धरले होते.

"मी नऊ वर्षांची होते," ती हळूच म्हणाली. "मला आठवायचं नाही चोळल्याचं. किती वेळा आठवून बघितलं. तुम्ही म्हणता म्हणजे चोळला असेल, असं समजले. लोक बघायला आले, उठून गेले, तरी मनात म्हणायचे, आपल्याच हातानं केलंय, भोग. चौदा वर्षं, आई."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो. माहीत होतं."

देवयानी उठली. हात न धुताच जिन्यानं वर गेली. पद्माकाकूंना वाटलं, तिच्या मागे जावं, पण पाय उचलेनात. छातीत उजव्या बाजूला चौदा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दुखायला लागलं होतं, आधी बारीक, मग जोरात. त्यांनी तिथे हात दाबून धरला आणि मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, लेकीला हाक मारली.